नवाबसाहेबांचं पोट

बकरी ईदचा चौथा दिवस. पाऊस नुकताच धरला होता. फजरच्या नमाजनंतर अम्मी रोजच्यासारख्या परसदारी हौदाकडे गेल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी तिथूनच आम्हाला हाक मारली. आवाजात घाई नव्हती, पण हौदावरून हाक मारायची त्यांची सवय नाही. आम्ही तसेच अनवाणी गेलो.

अम्मी रोज हौदाच्या कठड्यावर बोटातली अंगठी तीनदा वाजवतात. टक, टक, टक. ही पद्धत मुळात आमच्या मरहूम अब्बांची. तीन टकटक झाल्या की तळातून एक काळी सावली वर येते, मग पांढरा पट्टा दिसतो, मग शेंदरी शेपूट, आणि शेवटी ताटाएवढं रुंद तोंड पाण्याच्या वर उघडतं. त्या दिवशी तोंड वर आलं नाही. मासा कोपऱ्यात तिरका पडून होता. एक कूस वर, एक खाली, आणि पोट असं फुगलेलं की जणू कोणी आत नारळ ठेवला आहे.

"सात-आठ वेळा वाजवलं," अम्मी म्हणाल्या. "नवाबसाहेब बघतसुद्धा नाहीत."

नवाबसाहेब हे नाव अब्बांनीच ठेवलेलं, मिशांमुळे. हा रेडटेल कॅटफिश. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यातला. ब्राझीलमध्ये त्याला पिरारारा म्हणतात. आपल्या रत्नागिरीच्या बाजारात शिंगाळा येतो ना, ओठांवर मिशा असलेला, अंगावर खवले नसलेला, त्याचाच हा लांबचा परदेशी नातेवाईक म्हणा. सात वर्षांपूर्वी अब्बांनी तो एका दुकानातून आणला तेव्हा बोटाएवढा होता आणि काचेच्या बरणीत मावत होता. हा मासा मीटरभर वाढतो, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पहिली पेटी सहा महिन्यांत लहान पडली, दुसरी दीड वर्षात. मग अब्बांनी परसात जांभ्या दगडाचा हौद बांधून घेतला, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. त्यात दोन फूट पाणी ठेवलं की साधारण साडेतेराशे लिटर होतं. बाजूला निळ्या पिंपात स्पंज आणि खडी भरून गाळणी केली. आज मासा अडीच फुटांचा आहे. काट्यावर कधी घातला नाही, पण सात-आठ किलो सहज असेल. इतक्या मोठ्या माशाला हा हौदही अपुराच आहे, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिलं पाहिजे. दुकानात ते बोटाएवढं पिल्लू पाहून कोणाला मोह झाला, तर त्याने आधी आमचा हौद येऊन पाहावा.

अब्बांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्या चपला आम्ही कोणाला तरी दिल्या, कपडेही दिले. मासा राहिला.

दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली आणि निदानं सुरू झाली. समोरच्या खाला म्हणाल्या, अंडी धरली असतील. एका शेजाऱ्यांनी नजर लागली म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, हा बंदी असलेला मासा आहे, उगाच लफडं नको, खाडीत सोडून द्या. ते ज्याच्याविषयी बोलत होते तो थाई मागूर, ज्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. तो वेगळा. पण परदेशी मासा आपल्या पाण्यात सोडणं हाही काही सवाबाचा मामला नाही. पेट्यांतून सोडलेले काच चाटणारे सकरमासे आज देशात कित्येक तळ्यांत आणि नद्यांत पसरले आहेत आणि मच्छीमारांची जाळी फाडत आहेत.

संध्याकाळी आम्ही मोबाईलवर फोटो घेऊन एका मत्स्यपेट्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोटो दोन सेकंद पाहिला. "ड्रॉप्सी आहे सर. पोटात पाणी झालंय." त्याने पिवळ्या पावडरीच्या पुड्या दिल्या, प्रतिजैविकाच्या. पाण्यात टाका म्हणाला, जाडं मीठही टाका. आम्ही वर्गात मुलांना रोज सांगतो की प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. त्या दिवशी आम्ही पुडीवरचं एक अक्षर न वाचता चार पुड्या हौदात रिकाम्या केल्या आणि वर दोन किलो मीठ.

दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं. तिसऱ्या दिवशी मासा पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकू लागला. पोट तेवढंच होतं. आता श्वासही गेला.

त्या रात्री मुलांच्या अम्मींना आमचा एक जुना विद्यार्थी आठवला. सातवीत आमच्याकडे मराठी शिकला, निबंध कायम अर्धा सोडायचा. पुढे इथल्याच शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली आणि आता दुसऱ्या जिल्ह्यात माशांच्या पैदास केंद्रावर काम करतो. ईशानंतर व्हिडिओ कॉल लावला. त्याने सलाम केला, तब्येत विचारली, मग म्हणाला, "सर, आता मला फक्त मासा दाखवा. बोलू नका."

पाच मिनिटं तो नुसता बघत राहिला. कॅमेरा इकडे न्या, तिकडे न्या. कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते मोजून घेतलं. मग प्रश्न सुरू झाले. पोट दोन्ही बाजूंनी सारखं आहे की एकीकडे जास्त? डोळे बाहेर आले आहेत का? पोटाची कातडी लाल झाली आहे का? विष्ठा शेवटची कधी दिसली, कोणत्या रंगाची? मासा तळाला बसू शकतो, की बसायला गेला तर वर उचलला जातो? आणि शेवटचा: "सर, शेवटचं काय खाल्लं?"

पहिल्या प्रश्नांची उत्तरं आम्ही कंदिलासारखा मोबाईल धरून शोधली. फुगवटा डाव्या बाजूला जास्त होता. डोळे जागेवर होते. कातडी लाल नव्हती. आणि बसायला गेला की डावी कूस आपोआप वर येत होती, बुडवलेली रिकामी बाटली वर यावी तशी.

मग त्याने जे समजावलं ते वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं होतं. ड्रॉप्सी हा आजारच नव्हे, ते लक्षण आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सारखं शिरत असतं आणि त्याची मूत्रपिंडं ते सारखं बाहेर टाकत असतात. जंतूंमुळे किंवा दुसऱ्या कारणाने ती थकली की पाणी आत साठतं. खवल्यांच्या माशात ते लगेच ओळखू येतं. खवले उभे राहतात आणि मासा फणसासारखा दिसतो. पण नवाबसाहेबांना खवलेच नाहीत. त्यामुळे अशा माशात डोळे, कातडी, कल्ले बघावे लागतात, आणि सूज दोन्हीकडे सारखी आहे का ते बघावं लागतं. "यांची सूज एकीकडे आहे आणि तीत हवा आहे. हे पाणी नाही सर. आत काहीतरी अडकलंय असं मला वाटतं. हा मासा खात नाही, गिळतो. तोंड उघडून पाणी ओढतो, त्याबरोबर समोर असेल ते आत जातं. गोटे, हीटर, दुसरा मासा, काहीही."

"आणि धाप?"

तो थोडा घुटमळला. जुन्या गुरुजींना कसं सांगावं हा प्रश्न असावा. "ती तुमच्या पुड्यांची आहे सर."

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. गाळणीच्या स्पंजात आणि खडीत जे जंतू वस्ती करतात ते या अमोनियाचं रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. आम्ही टाकलेल्या प्रतिजैविकाने आजाराचे जंतू मेले की नाही अल्लाह जाणे, पण गाळणीतले हे कामाचे जंतू बहुधा मेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या सांगण्यावरून तपासणीचे थेंब आणले. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते कैरीसारखं हिरवं झालं. एकच गोष्ट आमच्या बाजूची होती. आमच्या विहिरीचं पाणी किंचित आम्लधर्मी आहे, आणि तशा पाण्यात अमोनियाचा बराचसा भाग कमी विषारी रूपात राहतो. "विहिरीने वाचवलं," तो म्हणाला. बिनखवल्यांचे मासे औषधांना जास्त हळवे असतात, म्हणून त्यांना काही द्यायचं तर विचारून आणि बेतानं, हेही त्याने तेव्हाच सांगितलं.

उपचार ऐकायला सोपे होते. औषधं आणि मीठ बंद. रोज एक तृतीयांश पाणी काढून विहिरीचं ताजं भरायचं (नळाचं असेल तर क्लोरीन काढल्याशिवाय नाही). हौदावर अर्ध्या भागात गोणपाट, म्हणजे अंधार आणि शांतता. औषधांच्या दुकानातून एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, वीस लिटरला एक सपाट चमचा या हिशेबाने. आमच्या हौदाला सुमारे साडेतीनशे ग्रॅम. तेही एकदम नाही. निम्मं आज बादलीत विरघळवून, निम्मं उद्या, आणि पुढे जेवढं पाणी बदलू तेवढ्यापुरतं. हे जेवणातलं मीठ नव्हे. याने आतडी सैल होतात आणि सूज थोडी ओसरते. आणि दहा दिवस खायला काहीही द्यायचं नाही.

शेवटच्या वाक्यापर्यंत अम्मी आमच्या मागे उभ्या होत्या हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

"दहा दिवस?" त्या म्हणाल्या.

"हो दादी. एक दाणाही नाही."

"कोंडलेल्या जनावराला?"

ती हदीस आपल्या घराघरांत मुलांना सांगतात. मांजर बांधून ठेवलेल्या त्या बाईची, जिने तिला खायलाही दिलं नाही आणि सोडलंही नाही. आम्हाला ती अम्मींनीच सांगितलेली. विद्यार्थ्याने आपल्या परीने समजावलं. मासा थंड रक्ताचा. शरीर गरम ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही. एवढा मोठा कॅटफिश एकदा पोटभर गिळला की कित्येक दिवस काही न खाता राहतो, दहा दिवसांनी तो मरत नाही. थोरला मध्येच गमतीने म्हणाला, "दादी, नवाबसाहेबांचे रोजे समजा." अम्मी त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "रोजा नियतीने असतो. ही तर सजा झाली." आणि आत गेल्या.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. अम्मी कशाविषयी बोलत होत्या ते घरात सगळ्यांना कळलं होतं आणि कोणी बोललं नाही.

अब्बांचं शेवटचं दुखणं पोटाचंच होतं. आतड्यात अडथळा. डॉक्टरांनी पलंगाला पाटी लावली, तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. नाकातून नळी, हाताला सलाईन. पहिल्या रात्री अब्बांनी अम्मींकडे घोटभर चहा मागितला. दुसऱ्या रात्री चहा राहिला, पाणी मागितलं. अम्मी ओला कापूस ओठांना लावत राहिल्या. आम्ही पाटीकडे बोट दाखवत राहिलो. पाचव्या दिवशी, शस्त्रक्रियेनंतर, ते गेले. डॉक्टरांचं काही चुकलं होतं असं आम्हाला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण अम्मींनी तेव्हापासून सकाळचा चहा सोडला आहे, आणि का ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

सकाळी आम्ही अम्मींना इतकंच म्हणालो, "तुमच्या परवानगीशिवाय करणार नाही." त्यांनी बराच वेळ तसबीह फिरवली. मग म्हणाल्या, "करा. पण अंगठी मी वाजवणार नाही. बोलवायचं आणि द्यायचं नाही, हे माझ्याच्याने होणार नाही."

दोन-तीन दिवसांत धाप कमी झाली. थेंबांचा हिरवा रंग फिका होत गेला. पोट मात्र हटेना. विद्यार्थी रोज रात्री विचारायचा, "सर, शेवटचं काय खाल्लं ते कळलं का?"

खरं तर आम्ही चौकशी पहिल्याच रात्री केली होती. कशी केली ते सांगायला हवं. सगळ्यांना बैठकीत उभं केलं. थोरला, मधली, पाचवीतली धाकटी आणि ईदला आलेली भाच्यांची फौज. चष्मा लावला आणि वर्गात विचारतो त्याच आवाजात विचारलं, "हे कोणी केलं?" बावीस वर्षं आम्ही हा प्रश्न विचारत आहोत आणि बावीस वर्षं त्याचं उत्तर एकच येतं. सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्याकडे बघतात. विद्यार्थ्याने विचारलं होतं काय खाल्लं. आम्ही विचारलं कोणी दिलं.

आठव्या दिवशी रात्री वीज गेली होती. पावसाळ्यात आमच्याकडे ती येते किती वेळ, हाच प्रश्न असतो. हौदात हवा सोडणारा पंप बॅटरीवर लावून आम्ही आत येत होतो, तेव्हा अम्मींच्या खोलीतून कुजबुज ऐकू आली. धाकटी दादीच्या पांघरुणात शिरली होती. आम्ही दाराबाहेर थांबलो. हे बरोबर नव्हतं, पण थांबलो.

ईदच्या दुसऱ्या दिवशी गोश्ताचे वाटे चालले होते. आपल्या घरांत त्या दिवशी कोण कुठे आहे याचा पत्ता कोणाला नसतो. आतल्या खोलीत चटईवर ढीग, तराजू, पिशव्या, दारात माणसं. धाकटीने बाजूला काढलेल्या चरबीचे लहान गोळे एका पातळ पिशवीत भरले, गाठ मारली आणि हौदावर गेली. नवाबसाहेबांचीही ईद व्हावी म्हणून. कठड्यावर तीनदा टकटक केलं. गाठ दातांनी सोडवत असतानाच पिशवीतून थेंब गळले, मासा वर आला, तोंड उघडलं, आणि पिशवीच गेली. हातातून. गाठीसकट.

"मला वाटलं तो थुंकेल," ती दादीला सांगत होती. "मग अब्बू चष्मा लावून आले."

त्या पातळ पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. आमच्या घरात त्या ईदला किती होत्या ते मोजायला नको. धाकटीला रागावण्याआधी त्या कोणी आणल्या ते विचारायला हवं होतं, आणि त्याचं उत्तर आम्हाला माहीत होतं. आम्हीच.

अम्मींनी तिला काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. सकाळी धाकटी स्वतः आमच्यासमोर आली आणि सगळं पुन्हा सांगितलं. आम्ही चष्मा काढून ठेवला होता. ऐकून झाल्यावर आम्ही फक्त विचारलं, "गाठ मारताना पिशवीत हवा होती का?" ती विचार करून म्हणाली, "हो. फुग्यासारखी."

म्हणून डावी कूस वर येत होती. विद्यार्थ्याला फोन केला तेव्हा तो मिनिटभर गप्पच बसला. मग म्हणाला, "तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या सर. निदान तिने केलं."

आता प्रश्न बदलला होता. प्लास्टिक पचत नाही आणि एप्सम सॉल्टने ते पुढे ढकललं गेलं तर आतड्यात अडकण्याची भीती, म्हणून ते बंद. गावातल्या गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. चांगले गृहस्थ, भर पावसात येऊन हौदात वाकून पाहिलं. म्हणाले, गाईच्या पोटातून किलोच्या किलो प्लास्टिक काढलं आहे, पण तिला उभी करून कुशीवर चीर देता येते. याला पाण्याबाहेर किती वेळ ठेवणार? विद्यार्थ्याकडे दुसरा मार्ग होता. लवंगेच्या तेलाने माशाला भूल देता येते. आपण दातदुखीवर लावतो तेच तेल. अगदी मोजून पाण्यात मिसळलं की मासा गुंगतो. मग एवढ्या रुंद तोंडातून हात किंवा चिमटा घालून पिशवी ओढता येईल, ती जठरातच असेल तर. पण गुंगीची मात्रा चुकली तर मासा उठत नाही. "त्यापेक्षा रविवारपर्यंत थांबू. हे मासे न पचलेलं उलटून टाकतात, पुष्कळदा. त्याला छेडू नका, पोट दाबू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. रविवारी मी सामान घेऊन येतो."

बुधवार ते रविवार. या चार दिवसांत अम्मी रोज फजरनंतर हौदाजवळ स्टूल टाकून बसायच्या. अंगठी नाही, टकटक नाही. गोणपाटाच्या कडेने बघत राहायच्या. धाकटीही शाळेत जाण्याआधी दोन मिनिटं त्यांच्याशेजारी उभी राहायची. दोघी काही बोलायच्या नाहीत. त्यातल्या एका रात्री विद्यार्थ्याचा फोन चालू असताना अम्मींनी हात पुढे केला. आम्ही मोबाईल त्यांच्याकडे दिला.

"बेटा, एक विचारायचं होतं. पोटात असं अडकलेलं असताना जर कोणी घोटभर पाणी दिलं असतं, तर?"

तिकडून उत्तर यायला वेळ लागला. सातवीतला तो मुलगा अब्बांच्या हातची आवळ्याची सुपारी खाऊन गेलेला होता. त्याला कळलं असावं.

"दादी, मी माशांचा माणूस. माणसांचं मला सांगता येणार नाही. पण अडकलेलं असताना वरून दिलं की आतला ताण वाढतो आणि उलटी फुफ्फुसात जाण्याची भीती असते, एवढं आम्हालाही शिकवतात. तुम्ही कापूस लावत होता ना ओठांना?"

"हो."

"मग तेवढंच देता येत होतं."

अम्मींनी मोबाईल परत दिला. काही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, त्यांनी मुलांच्या अम्मींना विचारलं की घरात साखर आहे का.

शनिवारी पहाटे पावसाची झड थांबली होती. आम्ही मशिदीतून परतलो तर अम्मी हौदापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात लांब दांड्याची जाळी होती. जाळीत करडा, बुळबुळीत, लिंबाएवढा चेंडू. पिशवी आवळून आवळून इवलीशी झाली होती, पण गाठ जशीच्या तशी. आत चरबी घट्ट, मेणासारखी. जनावराची चरबी माशाच्या थंड पोटात अशीच थिजते. पिशवी नसती तरी ती त्याला पचायला जडच होती. पाण्यावर तेलकट साय आली होती आणि वास असा की मुलांच्या अम्मींनी दार लावून घेतलं. नवाबसाहेब मधोमध, सरळ, दोन्ही कुशी सारख्या. पोट पार खपाटीला गेलेलं.

विद्यार्थी रविवारी आला तो रिकाम्या हाताने नाही, पैदास केंद्रावरचं गोळीखाद्य घेऊन आला. लवंगेचं तेल त्याच्या बॅगेतच राहिलं. त्याने पाणी तपासलं, माशाच्या घशात टॉर्च मारून पाहिली आणि पुढचं ठरवून दिलं. आणखी तीन दिवस काही नाही. मग चार गोळ्या. मग दोन दिवसांनी बिनकाट्याचा, चरबी नसलेला माशाचा लहान तुकडा किंवा सोललेली कोळंबी. महिन्याने आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. या माशाची भूक कधी मिटत नाही, त्यामुळे भूक आहे म्हणून द्यायचं नाही. खाल्ल्यावर एक-दोन दिवस पोट फुगलेलं दिसलं तर घाबरायचं नाही. चौथ्या दिवशीही तसंच असेल, किंवा एका बाजूलाच असेल, तर घाबरायचं. धाकटीने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि ते पान हौदाजवळच्या भिंतीवर चिकटवलं. पावसाने शाई फुटली, तिने पुन्हा लिहिलं. बाजारात जाताना कापडी पिशवी आमच्या खांद्याला तीच अडकवते.

बुधवारी फजरनंतर चार गोळ्या घेऊन अम्मी हौदावर गेल्या. आम्ही सगळे मागे उभे होतो. त्यांनी एका हातातला चहाचा कप कठड्यावर ठेवला, बिस्मिल्लाह म्हटलं आणि अंगठी वाजवली. टक, टक. तिसऱ्या टकटकीसाठी त्यांनी धाकटीचा हात धरला.

तळातून काळी सावली हलली.